भंगारमायची दुसरी गाडी

यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपल्यावर, दिग्रसच्या जुन्या कापसाच्या जीनच्या फाटकापाशी, भर माइकवर वत्सला भगत या बाईवर अन्याय झाला. या नावानं तुम्ही तिला ओळखणार नाही. भंगारमाय म्हटलं की लगेच ओळखाल. त्या दिवशी माइकवर सगळ्यांची नावं घेतली गेली आणि तिचं घेतलं गेलं नाही. एवढंच. ज्यांना हे ‘एवढंच’ वाटतं, त्यांच्यासाठीच मी लिहिते आहे.

भंगारमायचं दुकान म्हणजे आमच्या घराला लागून असलेलं पत्र्याच्या कुंपणाचं अंगण. लुगड्याच्या कमरेला पाना खोचलेला, आणि आवाज असा की तिनं भाव सांगितला तर पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईकही घासाघीस सुरू करायचं. गरीब बिचारी वगैरे ती अजिबात नव्हती. स्वतःची तारीफ स्वतःच करायची. “मले ओयखत नाई असं लोखंड या तालुक्यात यायचं हाय अजून,” असं म्हणून पान्यानं लोखंडावर टोला द्यायची, कान लावून ऐकायची आणि निकाल द्यायची. निकाल चुकायचेही. एकदा ट्रॅक्टरचा सायलेन्सर तिनं मोटारीचा म्हणून आणला आणि तो बसत नाही म्हटल्यावर सायलेन्सरचं सोडून मोटारीलाच शिव्या घातल्या.

मोटार म्हणजे इम्पाला. जीनच्या थोरल्या शेठजींची, आठ सिलेंडरची, होडीएवढी लांब अमेरिकन गाडी. जीन चालू होती तेव्हा भंगारमाय तिथं कापूस निवडायला जायची. हवेत उडणारी रुई गाडीवर बसायची आणि ती पुसून काढायचं काम याच बाईकडे असायचं. वर्षानुवर्षं तिनं ती गाडी पदरानं पुसली. आत एकदाही बसली नाही. कुणी बस म्हटलंच नाही.

पुढे जीन बंद पडली. थोरले शेठजी गेले, घरचे पुण्याला गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. उभ्या गाडीचं जे होतं ते झालं, एकेक पार्ट गेला. कुणी मागून नेलं, कुणाला रखवालदारानं देऊन टाकलं, कुणी आपलंच समजून उचललं. उरलेला सांगाडा भंगारमायच्या नवऱ्यानं विकत घेतला. नवरा वारल्यावर अंगणातलं बाकी सगळं लोखंड कापलं गेलं, विकलं गेलं. सांगाडा राहिला. विचारलं तर म्हणायची, “कापाले गेली होती मी. हात नाई झाला.”

मग धाकटे शेठ आले, थोरल्यांचे नातू. आजोबांची गाडी पुन्हा उभी करायची, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची असं त्यांच्या मनात होतं. पण त्या मेळाव्याची अट कडक. पार्ट हवेत ते त्या गाडीचे, असल. बाजारातले नकली लावले की गाडी बाद. शेठच्या माणसानं मग काय केलं? गावोगाव फिरून “तुमच्याकडे चोरीचा माल आहे, पोलिसात देऊ” असं लोकांना धमकावलं. झालं. एका आठवड्यात तालुक्यातून इम्पाला गायब. जी वस्तू काल ओट्यावर होती ती आज कडब्याखाली.

शेवटी धाकटे शेठ भंगारमायच्या अंगणात येऊन खाटेवर बसले. ती म्हणाली, “तुमच्या त्या माणसाले पहिले घरी पाठवा. मी आणते सगळं.” शेठ म्हणाले, “मावशी, गाडी उभी राहिली की सव्वीस जानेवारीला माइकवर तुमचं नाव मी स्वतः घेईन.” त्यावर ही बाई ताडकन म्हणाली, “पुरं नाव घ्या. भंगारमाय नोका म्हणू.” मजुरीही ठरली आणि ती मिळाली, हे मी नाकारत नाही. पण मजुरीबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. नावाबद्दल वर्षभर बोलत होती.

आता तिची रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीत आहे. कुणाकडूनही ती वस्तू नुसती काढायची नाही. आधी जाऊन बघायची की इथं ही वस्तू काय काम करते आहे. मग ते काम करेल अशी दुसरी वस्तू घेऊन जायची, ती बसवायची, चालते की नाही बघायची, आणि मगच असल वस्तूला हात लावायची. “आपुन वस्तू काढतो, पोरी. काम तं तिथंच राह्यते ना? ते उघडं पडलं की मांगून शिव्या देते.” माझी स्कुटी, मागे ती, तिच्या मांडीवर बदलीची वस्तू, असं आम्ही फिरलो.

गाडीची पुढची लांबलचक सीट आर्णीला एका कटिंगच्या दुकानात होती. नंबर लागेपर्यंत गिऱ्हाईकं तिच्यावर बसायची. दुकानदार हात जोडून म्हणाला, “माय, लोकं इथं कटिंगले नाई येत, या सीटवर बसाले येतेत.”

“मंग कटिंग कोन करते? तू का सीट?”

तिनं सागाचं बाकडं आणलं होतं, टेम्पोतून. ते ठेवलं आणि बसलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून सीटवरून उठवून बाकड्यावर बसवलं. एक जण म्हणाला, “टोचून राह्यलं, माय.” ती म्हणाली, “टोचू दे. टोचलं म्हंजे मानूस घरी जाते.” पुढे दुकानदारच सांगत होता की पेपर वाचायला येऊन बसणारे कमी झाले आणि दाढ्या वाढल्या. म्हणजे दुकानातल्या.

ढाणकीला एका पिठाच्या चक्कीवर गाडीचा हॉर्न होता, दोन सुरांचा. लाईट आली की चक्कीवाली तो वाजवायची आणि बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. भंगारमायनं त्याच्या जागी ट्रकचा हॉर्न बसवला, वाजवून बघितला, खूश झाली आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी चक्कीवालीचा फोन. लाईट आली, तिनं हॉर्न वाजवला, तर दळणाऐवजी पिशव्या घेऊन लोक धावत सुटले. गावात येणाऱ्या काळीपिवळी जीपचा हॉर्न अगदी तस्साच! एक म्हातारी तर चक्कीच्या पायरीवर बसून “उमरखेडले किती घेता?” म्हणून विचारायला लागली. भंगारमाय पुन्हा ढाणकीला गेली. आता तिथं शाळेच्या घंटेसारखी लोखंडी पट्टी टांगलेली आहे. ट्रकचा हॉर्न काढताना ती पुटपुटत होती, “लोकायलेबी काई ऐकू येत नाई बरोबर.” चूक कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं. चूक दुरुस्त करणं मात्र होतं.

बॉनेट होतं दिग्रसजवळच्या एका तांड्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर म्हणून. तिथल्या म्हातारीला भंगारमाय ‘याडी’ म्हणायची, तांड्यावर आईला म्हणतात तसं. याडीची अट एकच. “मला काय विचारती? कोंबड्यांना विचार.” याडीनं बॉनेट उतरवून घेतलं, भंगारमायनं त्या जागी कोरा पत्रा ठोकून दिला आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही बसून राहिलो. कोंबड्या खुराड्यापर्यंत आल्या, पत्र्यावर वारा वाजला आणि सगळ्या बाभळीवर जाऊन बसल्या. याडी खो खो हसली. भंगारमाय कोंबड्यांवर संतापली, पण बॉनेटला तिनं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा भारा नेला, पत्र्यावर जाड थर अंथरला, वर दोरीनं आवळला. वाजणं थांबलं. संध्याकाळी कोंबड्या निमूट आत गेल्या. मग याडीनंच बॉनेटचं एक टोक धरलं.

हे चालू असताना माझीही कामं चालू होती. आमच्या संघटनेची पत्रकं मी तिच्या खाटेवर बसून लिहायची. एकदा तिनं मला एक पत्रक वाचून दाखवायला लावलं. धिक्कार, निषेध, जाहीर निषेध, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शिव्या झकास हायेत. पन पत्ता कुठी हाय? मानसानं हे वाचून यावं कुठी, आनावं काय?” मी कागद उलटून पाहिला. पत्रकात जागा संपली होती.

एक वस्तू मात्र अशी निघाली की तिला बदली सापडेना. स्टेअरिंगचं चाक. ते जीनच्या जुन्या ड्रायव्हरकडे होतं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांच्या खाटेसमोर भिंतीवर ते चाक टांगलेलं असायचं. भंगारमाय आधी घड्याळ घेऊन गेली, मग आरसा घेऊन गेली. चाचा दोन्ही वेळा एकच बोलले, “वत्सला, ये चक्का यहां कौनसा काम कर रहा है, पहले वो बता. फिर बदली दे.” तिला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ती लोखंडापुढे हरून परत आली.

पुढच्या वेळी ती रिकाम्या हातानं गेली आणि बाहेर रिक्षा उभी केली. “चाचा, बदली नाई माह्याजवळ. तुमी चाकासंगं चाला.”

अंगणात गाडी उभी होती. बॉनेट होतं, पुढची-मागची सीट होती, इंजिन अजून नव्हतं. चाचांनी मांडीवर आणलेलं चाक स्वतःच्या हातानं बसवलं. मग सीटवर बसून आरसा नीट केला आणि मागे न बघता विचारलं, “बोलो, किधर?”

भंगारमाय मागच्या दाराजवळ उभी होती. चाचा म्हणाले, “अरे बैठ ना. खाली गाडी लेके जाऊं क्या?”

तिनं आधी सीट पदरानं पुसली. मग बसली. “यवतमाळ,” म्हणाली. “सबुरीनं चालवजा. घाटात खड्डे हायेत.”

चाचा तोंडानं गिअरचे आवाज काढत होते. एका वळणावर त्यांनी हॉर्न दाबला. बॅटरी तिनं जोडून ठेवली होतीच. दोन सुरांचा तो आवाज उठला आणि ती मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर आमच्या न्हाणीघराची भिंत होती. ती मात्र असं बघत होती की मला बाजूला व्हावंसं वाटलं. बऱ्याच वेळानं चाचांनी चाकावरचे हात काढले. “आ गया यवतमाल. उतरो.” चाक गाडीत राहिलं. चाचा रिक्षातून घरी गेले.

इंजिन पुण्याच्या गॅरेजनं बांधलं. रंगही तिथंच लागला. कामं चांगली झाली, हेही खरं. सव्वीस जानेवारीला गाडी फाटकापाशी आली तेव्हा गर्दी फाटकाबाहेर मावेना. भंगारमाय निळ्या काठाचं पांढरं नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. त्या दिवशी कमरेला पाना नव्हता. धाकट्या शेठनं माइक घेतला. गॅरेजच्या मालकाचं नाव घेतलं, तिनं पदर सारखा केला. रंगवाल्याचं घेतलं, तिनं पुन्हा सारखा केला. मंडपवाल्याचं नाव झालं, नाश्तेवाल्याचं झालं. “आणि ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे आभार.” माइक बंद झाला. ती दोन पावलं पुढे गेली, तर दोरीपाशी उभा असलेला माणूस म्हणाला, “मावशी, मागे सरका. गाडीला हात लागेल.”

स्कुटीवर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “माइक बिघडला असन.” थोडं पुढे गेल्यावर, “हॉर्न मातर बरोबर वाजला.”

उन्हाळ्यात ती गेली, झोपेतच. अंगणाला आता कुलूप आहे. रोज सकाळी पान्याचा टोला ऐकू आला नाही की माझी आई अजून म्हणते, “आज उशीर झाला हिले.”

मी धाकट्या शेठना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “अहो, त्यांनी फक्त सामान गोळा केलं. गाडी गॅरेजनं उभी केली. शिवाय सगळ्यांची नावं घेता येतात का? आणि त्यांनीच सगळं आणलं, याला पुरावा काय?”

पुरावा! शेठ, पुरावा तुमच्या गाडीत नाही. गाडीत सगळं असल आहे, चकचकीत आहे, तिच्या हाताची खूण कुठंच नाही. पुरावा आर्णीच्या कटिंगच्या दुकानात टोचतो आहे. ढाणकीच्या चक्कीवर लाईट आली की वाजतो आहे. तांड्यावर रोज संध्याकाळी त्याच्याखाली कोंबड्या जातात. गाडी गोळा करताना तिनं कुणाचंही काम उघडं पाडलं नाही, आणि तुमच्याकडून एक नाव घेण्याचं काम झालं नाही.

आता पत्ता देते, भंगारमाय. या वेळी जागा राखून ठेवली आहे.

येत्या सव्वीस जानेवारीला गाडी पुन्हा तिथंच उभी राहणार आहे. ठिकाण: दिग्रस, जुन्या जीनचं फाटक. वेळ: झेंडावंदन झाल्याबरोबर. आणायचं काय: भंगारमायनं तुम्हाला जे बदली दिलं ते. बाकडं आणा. लोखंडी पट्टी आणा. याडी, पऱ्हाटीसकट पत्रा आणा, कोंबड्यांची एक दिवसाची सोय मी करते. बंपरच्या बदल्यात कुंपणाला जो पाइप मिळाला तो आणा, चाकाच्या टोपीच्या बदल्यात रांजणावर जे झाकण मिळालं ते आणा. त्या गाडीच्या शेजारी, जमिनीवर, सीटच्या जागी बाकडं, हॉर्नच्या जागी पट्टी, अशी दुसरी गाडी आपण मांडायची आहे. पुढे बाकड्यावर चाचा बसतील, त्यांना रिक्षा सांगितली आहे. मागची जागा पुसून रिकामी ठेवायची आहे. तिचं नाव माइकवर, पुरं, वत्सला भगत असं घेतलं जाईपर्यंत आपली गाडी तिथून हलणार नाही.

तुमच्या घरात तिची वस्तू असेल तर आजच धुऊन पुसून ठेवा, आणि घेऊन या.