हार्म आयलर्स आणि एक वाजून चार मिनिटे

हार्म ओनेन आयलर्स (१९३८–२०१७) हे जर्मनीच्या पूर्व फ्रीसलंडमधील लेअर गावच्या टपाल कचेरीत एकोणचाळीस वर्षे पत्रांच्या छाननीवर देखरेख करून निवृत्त झाले. पत्र चुकीच्या खणात पडलेले त्यांना खपत नसे. निवृत्तीनंतर खण उरले नाहीत, तेव्हा त्यांनी उर्वरित मानवजात तपासायला घेतली. या कार्यासाठी त्यांनी एक कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची मोटारगाडी, खरेदी केला. त्यात दोन बिछाने होते, गॅसची शेगडी होती, आणि अंग चोरूनच बसता येईल असे एक शौचालय होते.

पहिल्या अकरा वर्षांत त्यांनी पत्नी थेडाबाईंसह सात महानगरांना भेट दिली आणि त्यांपैकी एकही पाहिले नाही. मुक्काम नेहमी शहराच्या कडेला, कॅम्पिंगच्या मैदानात असे. पहिला दिवस गाडी सपाट उभी करण्यात जाई. हार्म चाकांखाली पाचरी सरकवीत, थेडाबाई आत टेबलावरच्या पाणसळीकडे पाहत "अजून डावीकडे!" असे ओरडत, आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत जेवणाची वेळ टळून जाई. दुसऱ्या दिवशी नळाचा दाब, विजेच्या खांबाचे अंतर आणि शेजाऱ्यांचे वर्तन यांची वहीत नोंद होई. तिसऱ्या दिवशी शौचालयाची टाकी. चौथ्या दिवशी परत. गाडी एकटी टाकून शहरात जाणे म्हणजे तान्हे मूल बाकावर ठेवून नाटकाला जाण्यासारखे आहे, असे त्यांचे मत होते. पॅरिसमध्ये थेडाबाई फारच हट्ट धरून बसल्यावर हार्मनी त्यांना धुलाईच्या खोलीमागच्या टेकाडावर चढवले आणि झाडांवरून मनोऱ्याचे टोक दाखवले.

"दिसला ना? मग झालं तर."

२०१०च्या मे महिन्यात बर्लिनला निघताना मात्र थेडाबाईंनी परस्पर संग्रहालयाची तिकिटे काढली. त्या तीस वर्षे लेअरच्या एका टोपीवाल्याकडे टोप्या बनवीत होत्या. दुकानाच्या भिंतीवर नेफरतीती या इजिप्तच्या राणीच्या अर्धपुतळ्याचे चित्र होते. उंच निळा मुकुट, लांब मान. तो मुकुट चित्रात समोरून दिसे, बाजूने दिसे. मागून कधी दिसत नसे. मागची बाजू कशी संपवली आहे, हा प्रश्न थेडाबाईंना तीस वर्षे छळत होता. पुतळा बर्लिनच्या संग्रहालयात होता आणि तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली होती: मंगळवार, दुपारी अडीच.

"या खेपेला ती बाई मागून पाहिली नाही ना," थेडाबाई म्हणाल्या, "तर पुढच्या वर्षी तू एकटा जा. पाणसळ कोण बघेल ते तुझं तू ठरव."

हार्म हादरले. थेडाबाई उगाच बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. लग्नाला होकारसुद्धा त्यांनी तीन आठवडे विचार करून दिला होता. मग हार्मनी चार पत्रे लिहून संग्रहालयाजवळ कॅम्परला पुरेल अशी जागा राखून ठेवली. निघण्याची वेळ ठरली बारा-तीस.

मंगळवारी साडेअकरालाच गाडीच्या पाचरी काढून झाल्या. तेवढ्यात शेजारच्या कॅम्परमधून फोक्को टमेना यांनी हाक मारली. फोक्को लेअरजवळच्या एम्डेनचे, म्हणजे घरचेच.

"या की, चहा घ्या. अकराचा चहा अजून व्हायचाय. गॅस संपला होता."

पूर्व फ्रीसलंडचा माणूस चहाला नाही म्हणत नाही, आणि तीन कपांच्या आत उठत नाही. कपात खडीसाखर, वर चहा, कडेने सोडलेली साय. आणि ढवळायचे नाही. चमचा फक्त 'आता पुरे' हे सांगण्यासाठी कपात उभा करायचा. फोक्कोंनी नवीन गॅसची टाकी जोडली, ती चुकीची जोडली, पुन्हा जोडली. पहिला कप यायला साडेबारा झाले.

दुसऱ्या कपानंतर थेडाबाई पुटपुटल्या, "हार्म, चमचा टाक."

"दुसऱ्याच कपात? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे एक फोक्को आहे, आणि तो झोपलाय."

फोक्को खरोखरच पेंगत होते. पण यजमान झोपला म्हणून तिसरा कप सोडणे हार्मना शक्य नव्हते. तो त्यांनी स्वतःच्या हाताने ओतून घेतला आणि रीतीप्रमाणे सावकाश संपवला. थेडाबाई तोपर्यंत गाडीत जाऊन पट्टा लावून बसल्या होत्या.

फाटकाशी पोहोचले तेव्हा दांडा खाली होता. खिडकीत व्यवस्थापक ब्योल्केबाई सफरचंद खात होत्या.

"काय हो तरुण, कुठे निघालात?"

"शहरात. दांडा वर करा."

"एक वाजून चार मिनिटं झालीत. एक ते तीन दुपारची शांतता. गाड्या बंद."

"चारच तर मिनिटं!"

"काल तो डच माणूस सात मिनिटं उशिरा आला, तर तुम्ही मला दीड पानाचं पत्र दिलंत. 'नियमाला मिनिटांची सवलत नसते.' काय वाक्य आहे! मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, या माणसाची बायको स्वर्गात जाणार."

"बरं, मी गाडी मागे जागेवर नेतो."

"इंजिन बंद करा आधी. शांतता आहे."

हार्मनी इंजिन बंद केले. आता गाडी ना जागेवर होती, ना रस्त्यावर. उतारावर, नाक खाली करून उभी होती. थेडाबाई उतरल्या. दार त्यांनी असे आपटले की तेसुद्धा नियमाबाहेरच होते.

"मी बसने जाते. बसला दुपारची झोप लागत नाही."

"आणि गाडी?"

"गाडीशी लग्न कर," असे म्हणून त्या दांड्याखालून वाकून निघून गेल्या.

हार्म किल्ली हातात धरून उभे राहिले. गॅस बंद करायचा राहिला होता का? नव्हता. टाकीचे झाकण? घट्ट होते. काळजी करायला काहीही शिल्लक नव्हते. ते उगाच शोधत होते, आणि थांब्यावर बस येताना दिसत होती.

"राहू द्या इथेच," ब्योल्केबाई म्हणाल्या. "पळून जाणार नाही. दांडा खाली आहे."

बहात्तर वर्षांचे हार्म आयलर्स त्यानंतर धावले. हे दृश्य शोभिवंत नव्हते. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. चालकाने दार पुन्हा उघडले, हार्मनी धापा टाकत तिकीट काढले आणि थेडाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.



"गाडी कशी उभी आहे?" थेडाबाईंनी विचारले.

"तिरकी."

"किती?"

"बघितलं नाही."

थेडाबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिले.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी ते संग्रहालयाच्या दारात होते. राणी अंधाऱ्या घुमटाखाली काचेच्या पेटीत होती. हार्मनी तिची समोरून तपासणी केली आणि पहारेकऱ्याला विचारले, "हिचा डावा डोळा कुठे आहे?"

"नाही."

"मग बसवणार कधी?"

"तेहतीसशे वर्षं झाली, साहेब. घाई करून कसं चालेल?"

थेडाबाई तोपर्यंत पेटीच्या मागे गेल्या होत्या. पाऊण तास त्या तिथे उभ्या होत्या. कधी वाकून, कधी टाचा उंचावून. लोक समोर गर्दी करीत होते; मागे त्या एकट्याच होत्या. हार्मना तीनदा घड्याळ पाहावेसे वाटले. एकदाच पाहिले.

"काय?" शेवटी त्यांनी विचारले.

"मुकुटाची पट्टी मागेसुद्धा तितक्याच निगुतीने फिरवलीय. पुढचं तर कोणीही नीट करतं रे."

परतीच्या बसमध्ये बोलणी झाली. गाडी मैदानात राहील, शहरात दोन पूर्ण दिवस पायी किंवा बसने जायचे, आणि त्या दोन दिवसांत गाडीचे नाव काढायचे नाही. मोबदल्यात थेडाबाई पाणसळ बघतील. लेखी काही केले नाही, तरी सहा वर्षे दोघांनीही ते पाळले. बुडापेस्ट, लिस्बन आणि आणखी चार शहरे त्यांनी खरोखर पाहिली. लिस्बनला हार्मनी ट्रामच्या वेळापत्रकातील दोन चुका दाखवून दिल्या, पण ते चालण्यासारखे होते.

हार्म गेल्यावर कॅम्पर ओल्डेनबुर्गच्या पुतण्याकडे गेला. तो त्यात दोन कुत्रे घेऊन हिंडतो आणि गाडी वाटेल तशी उभी करतो. रोमला जाण्याचे ठरले होते, ते राहून गेले. थेडाबाई आगगाडीने जाऊ शकतात, त्यांच्याकडे वेळही आहे. पण तिथे पोहोचल्यावर भांडायचे कोणाशी, हे ठरल्याशिवाय त्या तिकीट काढायला तयार नाहीत.