दोन केबीचा बॅकअप

मुख्याध्यापक सरांनी माझ्यासमोर बॅकअप ठेवला नाही, बॅकअपचं रजिस्टर ठेवलं. दर शनिवारी 'बॅकअप घेतला', खाली सही आणि ठसठशीत शिक्का.

राहुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे विद्यालय जवळच्या एका गावातलं. त्या सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर सुरूच होईना. आत दहावीच्या मुलांचे तोंडी आणि प्रॅक्टिकलचे मार्क होते, दुसऱ्या दिवशी ऑनलाइन भरायचे. मार्कांचे कच्चे कागद सरांनी आदल्याच आठवड्यात रद्दीत घातले होते. का, तर आता सगळं डिजिटल!

"रेस्क्यू पेन ड्राइव्ह द्या," मी म्हणालो. मागच्या वर्षी मीच तो बनवून दिला होता. विंडोज बंद पडलं तरी त्याच्यावरून कॉम्प्युटर तात्पुरता सुरू होतो आणि आतल्या फाईली बाहेर काढता येतात. पेन ड्राइव्ह आला. उघडला तर आत गॅदरिंगची गाणी.

"मोकळाच दिसत होता, म्हणून फॉरमॅट केला," सर म्हणाले.

मी माझ्याकडचा लावला. कॉम्प्युटर सुरू झाला, पण हार्ड डिस्क दिसेना. आतून नुसती टकटक. म्हणजे डिस्क गेली होती. मग शनिवारच्या बॅकअपचा पेन ड्राइव्ह उघडला. त्यात 'दहावी' नावाची एकच फाईल, दोन केबीची.

"सर, हा नुसता शॉर्टकट आहे. दारावरची पाटी उचलून आणलीत, घर तिथंच राहिलं."

"अहो, दर शनिवारी मी जातीनं घेतो!"

"मग दर शनिवारी पाटीच आणलीत."

शेजारी क्लार्क साळवे मॅडम उभ्या होत्या. बॅकअपचं काम आधी त्यांच्याकडे होतं. आग लागली, चोरी झाली तरी माहिती वाचावी म्हणून एक कॉपी शाळेबाहेर ठेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्या पासवर्ड लावून बॅकअपची सुटी हार्ड डिस्क घरी न्यायला लागल्या. सरांनी काम काढून घेतलं आणि वर मेमो दिला: शाळेची माहिती शाळेबाहेर नेली, निलंबित का करू नये? सोमवारी संस्थेच्या मीटिंगमध्ये त्यांच्या नोकरीचा फैसला होता. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि सरांचा संताप आला.

"मॅडम, तुमच्याकडे काही आहे का?"

"हाय ना. परवापर्यंतचं सगळं हाय."

"म्हणजे मेमोनंतरही नेत होता?" सर कडाडले.

"व्हय, सर. तुमचा बॅकअप मी उघडून बघितला हुता. त्यात काय न्हाई, असं सांगितलं पण हुतं. तुमी म्हणाला, सही झालीय."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं बरं. जा, पटकन घेऊन या."

"लेखी द्या, सर. मेमोप्रमाणं ती डिस्क माझ्याकडं असायलाच नको."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ झटकत होतो. इतकं मन लावून मी आजवर धूळ झटकलेली नाही. शेवटी पत्र झालं: 'श्रीमती साळवे यांनी आपल्याकडील बॅकअप शाळेच्या तातडीच्या कामासाठी आणावा.' सही, शिक्का. मॅडमनी आधी पत्राची झेरॉक्स काढली, मगच स्कूटीला किक मारली.

मी नवी डिस्क बसवून विंडोज टाकलं. संध्याकाळी सगळे मार्क स्क्रीनवर होते.

सोमवारी मॅडमनी आपल्या खुलाशाला तेच पत्र जोडलं. संस्थेला मेमो मागे घ्यावा लागला. इतिवृत्तात मात्र असं लिहिलं गेलं: 'मुख्याध्यापकांच्या दक्षतेमुळे विद्यार्थ्यांचे गुण सुरक्षित राहिले. त्यांचे अभिनंदन.' मॅडमनीच मला ते फोनवर वाचून दाखवलं आणि खळखळून हसल्या.

तेव्हापासून मी कुठल्याही ऑफिसात गेलो की रजिस्टर बाजूला सारतो आणि म्हणतो, बॅकअपमधली एक फाईल उघडून दाखवा. बहुतेक ठिकाणी आधी चहा येतो.