पिठाच्या पिंपातला हार
काल मुलीने पिठाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी आम्ही सगळे जर्मनीला गेलो होतो तेव्हाचे, हायडेलबर्गमधले ते जुने चित्रपटगृह माझ्यासमोर उभे राहिले. "बाबा तेव्हा झोपेतून ओरडत उठले," असे जावई आजही पाहुण्यांना सांगतात. ते साफ खोटे आहे. जहाजावरील हारचोरीचा तो शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. पडद्यावर समुद्र उसळत होता, कोपऱ्यात पियानो गडगडत होता, कप्तान खलाशांच्या पेट्या उपसत होता, आणि आचारी मात्र पिठाच्या पिंपाला पाठ लावून निश्चल उभा होता. मी ताडकन उठलो: "अहो कप्तान, पिठात हात घाला!" पियानोवाला दचकून थांबला. पाचच मिनिटांत पिठातून हार निघाला आणि सारे प्रेक्षक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. "निव्वळ योगायोग!" जावई हसले. "बाबा, कसं ओळखलंत?" मुलीने विचारले. उत्तर जिभेवर होते; पण पत्नीने माझा हात घट्ट दाबला आणि मी जिंकलेला वाद हरलो. आमच्या पुण्याच्या बंद घरात तिच्या पाटल्या त्या क्षणी पिठाच्याच डब्यात होत्या. आता त्या लॉकरमध्ये आहेत, म्हणून लिहितो: मी जागा होतो.