पायलटच्या हेलिकॉप्टरचं नाक

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. त्यांना स्वतःला हे नाव फारसं आवडत नसे. कवळ्या ते करत, पण त्यांचा खरा हात होता तो एकेकट्या दातावर. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि कवळीवाले आपल्या लॅबमध्ये बसून असा दात करायचे, की खरा कुठला आणि खोटा कुठला हे पेशंटच्या बायकोलाही सांगता येऊ नये. अलीकडे त्यांनी दात छापायचं मशीन घेतलं होतं. कॉम्प्युटरवर दाताचा आकार काढायचा, मशीनच्या तळाशी मधासारखा चिकट द्रव ओतायचा, की उजेडाने थरावर थर घट्ट होत जायचे आणि दात उलटा लटकत वर यायचा. लॅबमध्ये कुणी आलं की कवळीवाले त्याला हे मुद्दाम दाखवायचे.

माणूस शांत आणि मोजकं बोलणारा. पण एका गोष्टीने त्यांच्या पोटात दुखायचं आणि ते दुखणं त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं. ती गोष्ट म्हणजे पायलट.

पायलट म्हणजे त्यांच्या बायकोचा पहिला नवरा. समुद्रात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलून आणायचं त्याचं काम होतं. "घरात टिकला नाही, पण घरातून गेलाही नाही," असं कवळीवाले म्हणत. घटस्फोटानंतर वर्षभराने कवळीवाल्यांचं लग्न झालं, तेव्हा मुलगी पहिलीत होती. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिला सायकल शिकवली कवळीवाल्यांनी. ताप आला की उशाशी बसले तेच. गणितात नापास झाली तेव्हा शाळेत जाऊन बोलणीही त्यांनीच खाल्ली. पायलट वर्षातून एकदा यायचा, तिला हेलिकॉप्टरमध्ये बसवायचा आणि निघून जायचा. मग पुढे वर्षभर घरात त्याच हेलिकॉप्टरची घरघर चालायची.

"भाजी रोज मी आणायची आणि आकाश त्याने दाखवायचं," ते बायकोला म्हणत.

"मग तुम्हीही दाखवा की," ती म्हणायची. कवळीवाल्यांना तर गच्चीच्या कठड्याजवळ उभं राहिलं तरी भोवळ यायची.

भिंगरी त्याला पप्पा म्हणायची आणि यांना काका. त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. पायलट यायचा त्या दिवशी मात्र लॅबमध्ये हमखास तातडीचं काम निघायचं. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघांची धड समोरासमोर गाठ पडली नव्हती.

भिंगरी मोठी झाली, बँकेत नोकरीला लागली, वेगळी खोली घेऊन राहू लागली. एका रविवारी ती भलंमोठं खोकं घेऊन आली आणि तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"काका, तुमच्याकडे एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

खोक्यात हेलिकॉप्टरच्या मॉडेलचे सुटे भाग होते. पट्टीवर चिकटलेले राखाडी प्लॅस्टिकचे शेकडो तुकडे.

"खऱ्याच्या बत्तीसपट लहान," ती म्हणाली. "बत्तीस! तुमच्या दातांचाच आकडा."

"आणि हे कुणासाठी?"

"पप्पा रिटायर होतायत. त्यांना द्यायचंय. पण हे सैन्यातलं आहे. पप्पांच्या हेलिकॉप्टरचं नाक लांब होतं, दारावर माणसं ओढून घ्यायचा हात होता, खाली पायरी होती. ते भाग कुठेच मिळत नाहीत. तुमच्या मशीनवर होतील ना? इतकं बारीक काम तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

एकाच चमच्यातून साखर आणि कडूजहर औषध दोन्ही मिळावं तसं त्यांना झालं. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती. ते म्हणाले, "ठेव. बघतो."

आणि ते कामाला लागले. जेवणाच्या सुट्टीत लॅबचं दार लोटून घ्यायचं आणि दातांच्या साच्यांशेजारी हेलिकॉप्टर मांडायचं. बारीक करवतीने त्यांनी खोक्यातल्या हेलिकॉप्टरचं आखूड नाक कापलं, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं. नवं लांब नाक छापलं, तर ते घट्ट होताना किंचित आकसलं आणि सांध्याला फट राहिली. दाताच्या कामात हे रोजचंच. पुढचं नाक त्यांनी तेवढं वाढवून छापलं आणि ते असं बसलं, की नख फिरवलं तरी सांधा लागेना. डोक्यावरचे फिरते पंख मात्र त्यांनी खोक्यातलेच ठेवले. छापलेले पंख लांबीला लवतात, महिन्याभरात माना टाकतात.

अडलं ते मापापाशी. भिंगरीने आईच्या जुन्या अल्बममधून हेलिकॉप्टरचे फोटो काढून दिले होते, पण फोटोवरून पायरी किती रुंद आणि हात किती लांब हे कसं कळणार? फोटोतल्या एखाद्या गोष्टीचं खरं माप ठाऊक असेल, तरच बाकीचं काढता येतं. शेवटी तसा एक फोटो सापडला. हेलिकॉप्टरचं दार उघडं, वर तो हात, खाली पायरी, आणि पायरीला लागून उभी त्यांची बायको.

ती हसत होती. मान मागे टाकून, डोळे मिटून. कवळीवाल्यांनी भिंग लावून पाहिलं. तिची एक दाढ त्यांनी स्वतः घडवली होती, त्यामुळे तिचं तोंड त्यांना पाठ होतं. पण तिला इतकं तोंड उघडून हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी पायलट, उंच, खांदे ताठ, दातांची ओळ अशी की नाव ठेवायला जागा नाही. त्या दिवशी त्यांनी एका आजोबांच्या कवळीला चुकून दोनदा पॉलिश केलं.

रविवारी सकाळी ते टेप घेऊन बायकोसमोर उभे राहिले.

"जरा भिंतीला टेकून उभी राहा."

"कशाला? ब्लाउज शिवताय माझा?"

"खांद्यापर्यंतचं माप हवंय. फोटोत तू पायरीजवळ उभी आहेस. तुझ्यावरून बाकीचं काढतोय."

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. बघून घेतल्याशिवाय कशाला हो म्हणायची नाही. तिने फोटो हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "हे माप चुकेल. मी इथे उंच टाचांच्या चपला घातल्यात."

"तू? उंच टाचांच्या?"

"तेव्हा घालायचे."

"मग मी कधी कशा नाही पाहिल्या?"

"तुमच्याबरोबर घातल्या असत्या तर मी तुमच्यापेक्षा उंच दिसले असते. तुम्हाला बरं वाटलं नसतं, म्हणून टाकून दिल्या."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की त्यावर भांडताही येईना. कवळीवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना.

"टाचा किती होत्या?"

तिने अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. त्यांनी खिशातून कॅलिपर काढलं, तिच्या बोटांमधलं अंतर मोजलं, आकडा लिहून घेतला आणि चहा न पिताच बाहेर गेले.

सोमवारी त्यांनी हेलिकॉप्टर खोक्यात भरलं, खोकं कपाटावर टाकलं आणि भिंगरीला फोनवर सांगितलं, "मशीन बिघडलंय. होईलसं वाटत नाही. दुसरं काहीतरी दे तुझ्या पप्पांना. घड्याळ दे."

दोन दिवसांनी ती बँकेतून तडक लॅबमध्ये आली. मशीन घूं घूं करत होतं आणि आतून चार दाढा वर येत होत्या.

"बिघडलेल्या मशीनला दाढा बऱ्या येतात," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी ब्रश उचलला आणि समोरच्या कवळीवर फिरवायला घेतला. तिने कपाटावरचं खोकं पाहिलं.

"काका, खरं काय ते सांगा."

"खरं ऐकायचंय?" त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "त्याच्या कौतुकाची वस्तू मी का करायची? त्याने काय केलंय माझ्यासाठी? आयुष्यभर त्याच्या हेलिकॉप्टरचं ऐकत आलो. आता तेच स्वतःच्या हाताने घडवून त्याच्या टेबलावर ठेवू?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. भिंगरी स्टुलावर बसली. ती रडेल असं त्यांना वाटलं, पण ती रडणाऱ्यांतली नव्हती.

"ठीक आहे. नका करू. मी दुसऱ्याकडून करून घेते. एक जण आहे म्हणे, बरा करतो."

"कोण?"

"तुम्हाला काय करायचंय? नाकाचा सांधा थोडा दिसतो म्हणे त्याच्या कामात, पण चालेल."

"सांधा दिसतो? आणि चालेल?"

"पप्पांना कुठे एवढं कळतंय!"

कवळीवाले उठले आणि त्यांनी खोकं खाली काढलं. मुलगी आपल्याला घोळात घेतेय हे त्यांना समजत होतं. पण दुसऱ्या कुणाचं फट राहिलेलं नाक पायलटच्या टेबलावर, आणि भिंगरी त्याचं कौतुक करतेय, हे चित्र त्यांना पहिल्यापेक्षाही जास्त झोंबलं.

मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. बायकोच्या मापात टाचांची उंची मिळवून पायरी काढली. दारावरचा हात फोटोत टोकाशी जरा वाकडा होता, तोही तसाच वाकडा छापला. पुढच्या सीटवर पायलटही बसवला, तांदळाच्या दाण्याएवढ्या डोक्याचा. त्याचं तोंड मात्र त्यांनी घट्ट मिटलेलं केलं.

निरोपाचा कार्यक्रम पायलटच्या ऑफिसच्या मोठ्या खोलीत होता. कवळीवाले नाइलाज म्हणून गेले. बायको आणि भिंगरी बरोबर होत्या. पायलट समोर आला तेव्हा त्यांनी आधी त्याचे दात पाहिले. वरचे दोन नवे बसवलेले होते आणि रंग शेजारच्या दातांशी जुळत नव्हता. कुणीतरी घाईत केलेलं काम. कवळीवाल्यांना गार वारा लागल्यासारखं वाटलं. माणूसही फोटोतल्याइतका उंच राहिला नव्हता. सीटवर बसून बसून पाठ गेली होती.

भिंगरीने वरचं कापड काढलं. पायलट टेबलाशी वाकला आणि बराच वेळ सरळ झालाच नाही. बोटाने त्याने नाक चाचपलं, पायरी पाहिली, मग दारावरच्या हातापाशी थांबला.

"हा वाकडा हात थोडेच दिवस होता. नंतर बदलला," तो म्हणाला. "हे कुणालाच माहीत नाही. कुठल्या फोटोवरून केलंत?"

"असाच एक होता."

"मला मिळेल? माझ्याकडे त्या वेळचं काहीच नाही."

"सापडत नाही आता," कवळीवाले म्हणाले. फोटो त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती सरबताच्या टेबलाकडे निघून गेली.

तेवढ्यात भिंगरी तावातावाने आली. "काका, चष्मा गाडीत विसरलात ना? सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आता फोटोत डोळे बारीक करून उभे राहाल." आणि ती चष्मा आणायला पळाली.

पायलट तिच्या पाठीकडे बघत राहिला. "माझ्याशी ती कधी असं भांडली नाही," तो म्हणाला. "फार नीट बोलते. पाहुण्याशी बोलावं तसं."

हे वाक्य ऐकायला कवळीवाल्यांनी एके काळी काय वाटेल ते दिलं असतं. त्यांना ते गोड लागलं आणि लगेच त्या गोडव्याची लाजही वाटली. ते म्हणाले, "तुमच्या वरच्या दोन दातांचा रंग चुकलाय. या एकदा लॅबमध्ये, बदलून देतो."

घरी जाताना बायकोने विचारलं, "खोटं का बोललात?"

"तो फोटो माझ्या कामाचा आहे."

"काम तर संपलं."

"संपलं म्हणून काय झालं!"

ती खिडकीबाहेर बघत हसली. तोंड फार न उघडता, पण हसली.

महिन्याभराने पायलटचा फोन आला. धूळ पुसताना शेपटीचा छोटा पंख मोडला होता. कवळीवाले म्हणाले, पेशंटची कामं तुंबलीत, पंधरा दिवस तरी लागतील. लॅब त्या दिवशी रिकामी होती. पंख त्यांनी त्याच दुपारी छापला, कापसात गुंडाळून ठेवला आणि पंधरा दिवस तसाच राहू दिला. मधल्या काळात पायलट चौकशीला फोन करायचा, मग समुद्रावरच्या वाऱ्याचं सांगायचा, आणि कवळीवाले "हं, हं" करत ऐकायचे, मध्येच एखादा प्रश्नही विचारायचे. फोन वाजला की ब्रश खाली ठेवून पहिल्या रिंगलाच उचलायचे.

"म्हणजे तुमची दोस्ती झाली म्हणा की," भिंगरी एकदा जेवताना म्हणाली.

"छे! मला तो माणूस अजिबात आवडत नाही." त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. "तुला या आठवड्यात फोन आला होता का त्याचा?"

"नाही."

"मला आला," कवळीवाले म्हणाले.