अकोल्याचा एमआरआयवाला

अकोल्याच्या त्या एमआरआयवाल्याचं नाव मी विचारलं नाही, कारण मला त्याचा रागच आला होता. राग मला लवकर येतो. पोरीला ल्युकेमिया झाला तेव्हा डॉक्टरांनी माझी अस्थिमज्जा नाकारून तिच्या धाकट्या भावाची घेतली, तो राग अजून उतरलेला नाही.

ती मज्जा तिच्या हाडांत रुजली की नाही, हेच बघायला आम्ही अमरावतीहून आलो होतो. पोरगी काचेपलीकडे खडखडणाऱ्या यंत्रात होती. हा बुवा गालात तंबाखूचा खर्रा दाबून, पाय हलवत पडद्याकडे बघत बसला होता. कापडबाजारात मी भल्याभल्यांना भाव खाली आणायला लावले आहेत.

"पुरं नको सांगू, अर्धं तरी सांग ना बाप्पा," मी म्हणालो.

"काका, मी फोटू काढतो. वाचाचं काम डॉक्टरचं."

"चांगलं का वाईट, एवढंच सांग."

"उद्या."

"मान तरी हलव!" मी ओरडलो.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "इतक्या खडखडाटात पोरगी जराही हलली नाही. तुमी काहून हलून राहिले?"

"तुह्या एसीनं!"

तो उठला आणि एसी बंद करून आला. मी थरथरतच होतो.