शोभेचं दार

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आईने खिडकीच्या गजांतून एक पिशवी आत ढकलली. तिच्यात पडदे होते. झाशीतलं घर ना तिने पाहिलेलं, ना मी, तरी सहा खिडक्यांचे पडदे तिने शिवून ठेवले होते. "मापं कुठून आणलीस गं?" मी विचारलं. "खिडक्या काय, सगळीकडे सारख्याच असतात," असं म्हणत ती गाडीबरोबर चार पावलं चालली. मग पदर सावरत ओरडली, "पोचलीस की फोन कर. रडू येत असेल तर आधी रडून घे, मग कर!" डब्यातले लोक हसले. मीही हसले आणि पुण्यापर्यंत रडत गेले.

पडदे वीतभर आखूड निघाले. तरी सात वर्षं लावले.

सांगली सोडून बावीस वर्षं झाली. तिथे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखंच सामान बांधून लांब गेलेल्यांना, एकदा हे सांगायचं होतं. फोनवर मी नेहमी मजेत असते, हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर सगळेच मजेत असतात.

माझ्या नवऱ्याचं, माधवचं घराणं झाशीतलं जुनं. त्याचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, मराठी घर आहे, परकं वाटणार नाही. पहिल्याच दिवशी माधव म्हणाला, "तू परेशान नको होऊ, मी चाय करतो." मला हसू फुटलं. पण हाच माणूस स्वयंपाकघराच्या अलीकडच्या खोलीला माजघर म्हणायचा, बाथरूमला न्हाणी म्हणायचा. खुद्द सांगलीहून आलेली मी मात्र हॉल, किचन आणि बेडरूम करत फिरायची. मराठी शिकवायला आल्यासारखी मी आले होते, आणि मलाच शब्द शिकावे लागले.

पंधरा वर्षं भाड्याने काढल्यावर घर घ्यायचं ठरलं. माधवच्या बँकेतले सगळे म्हणाले, नव्या कॉलनीत फ्लॅट घ्या, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. आम्ही घेतलं ते खंडेराव गेटकडे जाणाऱ्या गल्लीतलं जुनं घर. दोन हात जाड भिंती, वर लांब दगडी फरश्यांचं, पटियांचं छत. झाशीच्या मे महिन्यात त्या घरात पाऊल टाकलं की अंगावरून ओला पंचा फिरवल्यासारखं वाटायचं. मी तर तिथेच हुरळून गेले.

माजघराच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. इथे अशा दाराला खिडकी म्हणतात. शहराच्या परकोटालाही मोठे दरवाजे आहेत, तशा खिडक्या आहेत. त्याला दोन पल्ले, म्हणजे दोन झडपा होत्या, एक आमच्या बाजूला आणि एक पलीकडे. प्रत्येकाची कडी ज्याच्या त्याच्या बाजूला. पलीकडे कक्कोचं घर. कक्को म्हणजे काकी. साठीची बाई, नवरा गेलेला, मुलाचं मानिक चौकात बांगड्यांचं दुकान. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हा तिला गल्लीत पाय ठेवायची परवानगी नव्हती. पण मागच्या खिडकीतून आमच्या घरात यायला कुणाची ना नव्हती. आमच्या आधी इथे राहणाऱ्या बाईंशी तिचं सगळं आयुष्य त्या दारातून झालं होतं. त्या बाई इंदूरला गेल्यावर आम्ही आलो.

सामान उतरवलं त्याच दिवशी त्या दारावर टकटक झाली. मी कडी काढली तर कक्को वाकून आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाओ मायको तो भौत दूर है, बिन्नू. सो जौ समझ लो, मायको इतै है." माहेर इथेच समज, असं ती सांगत होती; आणि बिन्नू लेकीला म्हणतात, सुनेला नाही. तेव्हा मला ते कळत नव्हतं. माधवने सांगितल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

पुढची पाच वर्षं ते दार दिवसा कधी बंद झालं नाही. माधवची बदली गरौठ्याच्या शाखेत झाली. तो सकाळच्या बसने जायचा आणि दिवेलागणीला यायचा. मधला सगळा दिवस कक्कोचा आणि माझा होता. ती यायची, माझ्या हातची पोळी कशी पातळ आणि बेचव आहे ते सांगायची आणि तीन खाऊन जायची.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. माझी चुलत बहीण पुण्याला असते. तिने आपल्या फ्लॅटमध्ये वाड्यासारखा कोपरा केला होता. खोटे खांब, पितळी समया, पिवळे दिवे. फोटो पाहून मला वाटलं, अगं, तुझं नाटक आहे, माझ्याकडे तर खरं घर आहे! तुम्ही सगळे दिवाळीत व्हिडिओ कॉलवर पाहणार होता. झाशीत राहूनही आम्ही तुमच्याइतकेच मराठी आहोत, तुमच्याहून काकणभर जास्तच, हे मला दाखवायचं होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण तेच खरं होतं.

डिझायनर बोलावला. तो घरभर फिरून म्हणाला, "मॅडम, घर में कैरेक्टर बहुत है, बस निकालना पड़ेगा." मग त्याने दगडी छताखाली पांढरं छत टांगलं आणि दगडी भिंतीवर दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स बसवल्या. मी हे सगळं कौतुकाने बघत होते. शेवटी माजघराच्या मागच्या भिंतीपाशी येऊन तो थांबला. इथे फीचर वॉल हवी, म्हणाला. ग्वाल्हेरकडच्या एका जुन्या सामानवाल्याकडे हवेलीचं कोरीव दार आहे, ते भिंतीवर चढवू, वरून लाईट सोडू. आजकाल हाच ट्रेंड आहे.

"पण इथे दार आहेच की," मी म्हणाले.

"वो तो भर देंगे," तो म्हणाला.

माधवला विचारलं. "तुला पसंद असेल तर कर," तो म्हणाला. पण "कक्कोला विचारून घे," असंही म्हणाला. मी कक्कोला विचारलं नाही. मी तिला सांगितलं, "कक्को, काम चल रहा है, धूल बहुत उड़ेगी, थोड़े दिन बंद रखते हैं." ती म्हणाली, "हओ, सई बात." दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूचा पल्ला काढून मिस्त्रींनी तिथे विटा रचल्या. त्यावर गिलावा, त्यावर रंग, आणि त्यावर ते हवेलीचं दार. पितळी फुलं, चकचकीत पॉलिश, वर पिवळा दिवा. फार देखणं दिसत होतं, हे आजही म्हणेन.

काम संपल्यावर केलेल्या वास्तुशांतीला कक्को गल्लीने आली. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. तिच्या पुढच्या दारातून निघून मानिक चौकाला वळसा घालून आमच्या गल्लीत यायला पंधरा मिनिटं लागतात. नवी साडी नेसून, हातात मिठाईचा डबा घेऊन ती पाहुण्यासारखी उंबऱ्याशी उभी राहिली. मग सरळ माजघरात गेली. ते दार पाहून तिचा चेहरा असा उजळला, की मला कळेना काय झालं. तिने दोन्ही तळवे दारावर ठेवले आणि ढकललं. पुन्हा ढकललं. माझ्याकडे वळून विचारलं, "जौ खुलत नइयाँ का?"

तिला वाटलं होतं, तिच्यासाठी दार सुंदर केलंय.

"नहीं कक्को, ये तो सजावट का है," मी म्हणाले. मागे पाहुणे होते, हातात प्रसादाचं ताट होतं. तिने तळवे काढून घेतले. "अच्छो बनो है, बहूजी," म्हणाली, प्रसाद घेतला आणि गेली. बिन्नूची मी बहूजी झाले होते. पण तुम्ही सगळे फोनवर आलात, वा वा झाली, आणि मी ते विसरले. नाही, विसरले नाही. विसरल्यासारखं केलं.

पुढे वर्षभर आम्ही बाजारात भेटलो की बोलायचो. दोघीही फार नीट, फार आदराने बोलायचो.

आणि मग मार्चमध्ये एका दुपारी दादाचा फोन आला. आई गेली होती. जेवून आडवी झाली आणि उठलीच नाही. माधव गरौठ्याला, त्याला यायला दोन-अडीच तास. गाडी संध्याकाळची, आणि ती दुसऱ्या दिवशी उशिरा पोचणार. म्हणजे आई मला दिसणार नव्हती. हे कळल्यावर मी घरात फेऱ्या मारायला लागले. पाय आपोआप माजघराकडे वळले, आणि मी त्या पॉलिश केलेल्या दारासमोर उभी राहिले. त्याच्या पलीकडे, दोन हातांवर, कक्को होती. मी दारावर मूठ आपटली. भिंतीचाच आवाज आला.

मग मी गल्लीने गेले. मानिक चौकात लग्नसराईची गर्दी, रिक्षावाले ओरडत होते, आणि मी त्यातून उघड्या तोंडाने रडत चालले होते. पंधरा मिनिटं. बावीस वर्षांत ते गाव मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. कक्कोने पुढचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बिन्नू, का हो गओ?"

तिने मला आत नेलं. मागच्या खोलीत, तिच्या खाटेवर बसवलं. रडणं थोडं कमी झालं तेव्हा मला समोर तो बुटका पल्ला दिसला. तिच्या बाजूचा. कडी लोंबकळत होती, घातलेली नव्हती. मी उठून पल्ला ओढला. आत माझ्या विटा होत्या. मधून खरखरीत सिमेंट बाहेर आलेलं, कुठे वीट तिरकी, कुठे पोकळी. माझ्या देखण्या भिंतीची मागची बाजू वर्षभर ती रोज बघत होती.

"कक्को, मैंने झूठ बोला था, धूल का," मी म्हणाले.

"हमें पता है."

"तो कुंडी क्यों नहीं लगाई?"

तिने पदराने माझं तोंड पुसलं. "कभऊँ तुमें जरूरत परती तो?"

सांगलीहून तेराव्यानंतर परत आले आणि आधी मिस्त्री बोलावला. डिझायनरला कळवलं नाही. विटा अर्ध्या दिवसात निघाल्या. आमच्या बाजूने मिस्त्री काढत होता, तिच्या बाजूने कक्को घमेल्यात भरत होती, सांगूनही ऐकत नव्हती. जुना पल्ला केव्हाच भंगारात गेला होता. म्हणून हवेलीच्या दाराचा एक पल्ला उतरवला. तो हातभर जास्त उंच होता. सुतार म्हणाला, "भाभीजी, काटोगे तो इसकी वैल्यू खतम." मी म्हटलं, काटो. वरची कमळं गेली, पॉलिशही करवतीखाली खरवडलं. मग पल्ला बसला. जरा घासत होता, खांद्याने रेटावा लागायचा. तुम्हाला दिवाळीत कॉलवर ती भिंत ओकीबोकी दिसली आणि तुम्ही हळहळलात, ते यामुळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्ला खरखरला आणि कक्को वाकून आत आली. माजघर ओलांडून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ते नवं झाल्यापासून तिने पाहिलंच नव्हतं. तिच्या ओळखीचं फडताळ गेलं होतं. सगळीकडे एकसारखे, मुठी नसलेले ड्रॉवर होते. ती एकेक दाबून, ओढून बघायला लागली. चमचे, डाळी, माधवची बिलं. माझ्या जिभेवर आलं होतं, कक्को, साखर उजवीकडे वर. पण तिला ते घर हाताने पुन्हा शिकू द्यायचं होतं. सहा ड्रॉवर उघडे टाकून शेवटी तिला साखर सापडली. चहापत्तीही सापडली.

थोड्या वेळाने तिने कप माझ्यासमोर ठेवला. बेसुमार गोड होता. आई गेल्यापासून मला कोणी आयता चहा दिला नव्हता.