एक सुताची चावी

आश्लेषाच्या माहेरी सगळी मापं सुतात असायची. वडील, मार्तंड, हे मुरुडच्या पंचक्रोशीत दारं-खिडक्या करणारे सुतार. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, हे ती आणि तिचा धाकटा भाऊ वरद शाळेत जायच्या आधीच शिकली होती. मग आमटीत मीठ सूतभर जास्त व्हायचं, वरदची विजार दोन सूत आखूड पडायची, आणि आई रुसली की वडील मुलांना सांगायचे, आज दरवाजा अर्धा सूत फुगलाय, जपून ढकला.

गिटारही त्या घरात दुरुस्तीलाच आली. कोर्लईच्या चर्चमधले गायनमास्तर पाठ तडकलेली गिटार घेऊन आले. वडिलांनी ती सरस लावून आवळून ठेवली, आणि सरस वाळेपर्यंतचे आठ दिवस ती पडवीत पडून होती. मास्तर न्यायला आले तेव्हा चौदा वर्षांची आश्लेषा तिच्यावर शाळेची प्रार्थना वाजवत होती. चुकत होती, पण चुकल्याचं तिला कळत होतं. मास्तरांनी उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाले, "हिला रविवारी पाठवा."

बाविसाव्या वर्षी ती दत्तात्रेयच्या ऑर्केस्ट्रात शिरली, पंचविसाव्या वर्षी त्याच्या घरात. दिवसा ती प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेई. संध्याकाळी, लग्नसराईत आणि गणपतीत, रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्या ना कुठल्या मांडवात साडीचा पदर खोचून इलेक्ट्रिक गिटार वाजवी. लोक ऑर्केस्ट्राचं नाव विसरत, पण 'ती साडीतली गिटारवाली बाई असते ना, ते बोलवा' असं सांगत. दत्ता गायचा, वायरी जोडायचा, सुपाऱ्या घ्यायचा. घरात ती त्याला 'तू' म्हणे आणि चारचौघांत 'अहो'. स्टेज हे घर की चारचौघं, हे तिचं कधी ठरलं नाही. तिथे ती त्याला नुसती मान हलवून खुणावी, आणि त्याला कळे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वरद अमेरिकेहून आला तो कापडी पिशवीतली गिटार पाठीला अडकवून. दत्ताने ती उलटीसुलटी करून पाहिली. चकाकी नाही, सोनेरी खुंट्या नाहीत, रंग कच्च्या लाकडाचा.

"मेव्हणे, पॉलिश मारायच्या आधीच उचलून आणलीत की काय?"

"अमेरिकेत बनतात त्यातली सगळ्यात स्वस्त आहे ही, भावोजी," वरद हसत म्हणाला. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटलं नाही. "कारखाना तोच, कारागीर तेच, लाकूडही चांगलं. काटकसर केलीय ती चकाकीत आणि पेटीत. मी तीन दुकानं फिरलो. महागातल्या वाजवून पाहिल्या, ही वाजवून पाहिली. ताई, मान बघ."

आश्लेषाने मानेच्या पाठीवरून अंगठा फिरवला. वडील रंध्यानंतर फळीवरून फिरवायचे तसाच. तारांखालच्या पाचव्या पट्टीच्या मागे लाकडाच्या शिरेत तांदळाएवढी काळपट रेघ होती. बाकी मान सरळ आणि घट्ट.

"बाबांनी पास केली असती," ती म्हणाली. वरद त्या वाक्यासाठीच तीन दुकानं फिरला होता.

त्या मोसमात तिने ती वीस-बावीस कार्यक्रमांत वाजवली. खारी हवा, घाम, मांडवातली हळद, सगळं झालं. पॉलिश नव्हतं म्हणून ओला हात मानेला चिकटत नव्हता. एकदा सूर लावला की मध्यंतरापर्यंत खुंटीला हात लावायला लागत नव्हता. जुनी, आता शाळेला देऊन टाकलेली गिटार दर तिसऱ्या गाण्याला रुसायची. ही आपली कामाला आलेल्या माणसासारखी काम करायची.

मग पाऊस लागला, आणि श्रावणात तारा मानेपासून वर उचलल्या. बोटं दाबून दाबून लाल व्हायला लागली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती शेंड्याकडून चावीने आवळायची असते, एवढं आश्लेषाला ठाऊक होतं. घरातल्या चाव्यांपैकी एकही बसेना. खाडीपलीकडे दिघीला खलीलचाचा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. कुठलाही अडलेला स्क्रू त्यांच्याकडे सुटतो, असा त्यांचा लौकिक. दत्ता गिटार घेऊन फेरीबोटीने तिकडे गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला.

"चावीच बसत नाही तिला," तो म्हणाला. "तीनची ढिली, चारची आत जात नाही. कुठल्या मापातच नाही. असली कंपनीची असती तर बसली नसती का? डुप्लिकेट आहे, आशू. वरती मेड इन यूएसए नुसतं छापलंय."

"मग आहे कुठे?"

"माणगावला काम होतं, तिथल्या एका दुकानात टाकून आलो. घेईल कोणीतरी शिकणारं. तू रोज बघून रडत बसली असतीस." आणि चप्पल काढता काढता, सहज बोलावं तसं, "तरी मला तेव्हाच वाटलं होतं. इतकी स्वस्त अमेरिकन कुठे मिळते? मेव्हण्यांनी स्वतःच्या तोंडानेच सांगितलं होतं की स्वस्तातली."

तो 'स्वस्त' शब्द आश्लेषाच्या मनात कुसळासारखं रुतलं. लाकूड तिने स्वतः अंगठ्याने तपासलं होतं. पण चावी बसत नाही ही गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिली होती, आणि सांगणारा बावीस वर्षं संसार केलेला नवरा होता. तिने वरदला फोन लावला.

"तुला फसवलंय का कोणी, का तूच..."

"का मीच काय, ताई?"

तिने वाक्य पुरं केलं नाही. तो मात्र समजला. "बाबांच्या हाताखाली मी पण वाढलोय," तो म्हणाला, आणि त्यानंतर दोघं हवापाण्याचं बोलली. त्या वर्षी तिने राखी पाठवली, पण पाकिटात नेहमीची चिठ्ठी नव्हती. त्याचा 'मिळाली' एवढाच निरोप आला.

"जरा विश्रांती घे," दत्ता म्हणाला. "सावकाश नवी घेऊ. तोवर माणगावचा रितेश येईल वाजवायला."

तो 'तोवर' पुढे सोळा महिने चालला.

रितेश तिशीचा, केस मागे बांधलेला, उड्या मारत वाजवणारा. त्याची लालभडक गिटार आश्लेषाने दत्ताच्या मोबाइलवर पाहिली होती. लांबून घेतलेलं, हलणारं चित्रण. वाजवतो बरा, असं तिने प्रामाणिकपणे म्हटलंही. कार्यक्रमांना जाणं मात्र तिने सोडलं होतं. हात रिकामे घेऊन मांडवात बसणं तिला जमेना.

यंदाच्या डिसेंबरात तिच्या शाळेतल्या गौरीबाईंच्या मुलीची हळद बोर्लीला निघाली. ऑर्केस्ट्रा अर्थात दत्ताचा. "तू कशाला एवढ्या उन्हाची," असं म्हणून तो सकाळीच टेम्पो घेऊन गेला. पण गौरीबाई बारा वर्षं शेजारच्या वर्गात शिकवत होत्या. जाणं भाग होतं. आश्लेषा दुपारच्या फेरीबोटीने आगरदांड्याहून दिघीला उतरली. धक्क्यालगतच्या शेडमध्ये खलीलचाचा एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. त्यांनीच हाक मारली.

"ताई, गिटारीची मान काय म्हणते? परत तारा वर आल्या तर आणा. पाच मिन्टाचं काम हाय."

ती थांबली. "चावी बसली नव्हती ना, चाचा?"

"मिलिमीटरची कशी बसंल?" त्यांनी हात बाहेर काढून फडक्याला पुसले. "आपल्याकडचा माल मिलिमीटरचा, चीनचा पण मिलिमीटरचा. अमेरिकावाले अजून इंचात चालतात. तीनची ढिली, चारची शिरंना, तवाच मी समजलो, ही एक सुताची हाय. माझ्याकडे जुन्या इंजिनांच्या इंची चाव्या हायत. घातली, पाव फेरा दिला, तारा जागेवर. साहेबांना बोललो, वस्तू दिसायला साधी हाय, पण खरी हाय. डुप्लिकेट असती तर आपली तीन-चारची चावी गपकन बसली असती. त्यांनी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असेल," आश्लेषा म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

नवऱ्याची बाजू सांभाळायची जिभेला इतकी सवय होती की डोकं चालायच्या आधी ती बोलून गेली. मग तिने विचारलं, "ती चावी द्याल का मला? परतीच्या बोटीला आणून देते."

चाचांनी ती शोधून, तेल पुसून दिली. करंगळीएवढी, वाकडी, काळी पडलेली. एक सूत. वडिलांनी पट्टीवर नखाने दाखवावं, बरोबर तेवढी जाड.

बोर्लीच्या रिक्षात बसल्यावर तिने दत्ताचं वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. 'तीनची ढिली, चारची आत जात नाही.' चाचांचेच शब्द. तो खोटं बोललाच नव्हता जणू. खऱ्याचा पुढचा तुकडा तेवढा त्याने कापून ठेवला होता. पण का, हे तिला अजून कळत नव्हतं. डुप्लिकेट ठरवून त्याला काय मिळालं?

गौरीबाईंच्या गावच्या घरामागे मांडव घातला होता. बायका आत हळद कालवत होत्या. स्टेजवर रितेश एका स्पीकरवर बसून तारा जुळवत होता. आश्लेषा जवळ गेली आणि तिने पहिल्यांदाच ती लाल गिटार हातभर अंतरावरून पाहिली. रंग मोटरसायकलीला मारतात तसला, जाड आणि चकचकीत. तो मानेपाशी येऊन संपत होता. मान कच्च्या लाकडाची होती.

"वहिनी, या ना," रितेश उठून उभा राहिला. "किती दिवसांनी. मी दादांना म्हणत असतो, वहिनींना एकदा आणा, पाया पडायचंय. तुम्ही ही दिलीत म्हणून मी जुना ग्रुप सोडून इकडे आलो. एवढी खरी वस्तू कोण असं उचलून देतं?"

"मी दिली?"

"दादा म्हणाले ना. म्हणाले, वहिनींनी वाजवणं सोडलंय, त्यांनीच सांगितलं की रितेशला द्या." तो जरा ओशाळला. "रंग मी मारून घेतला. लांबून दिसायला. मान नाही रंगवली, मान फार भारी आहे हिची."

आश्लेषाने हात पुढे केला. त्याने गिटार दिली. तिने मानेच्या पाठीवरून अंगठा वर सरकवला. पाचव्या पट्टीमागे ती काळी रेघ होती. मग तिने पिशवीतून चावी काढून शेंड्याच्या भोकात घातली. ती बसली. ढिली नाही, घट्ट नाही. वडिलांनी केलेल्या कपाटात खण सरकावा तशी. फिरवायची गरज नव्हती. तिने ती तशीच आत राहू दिली.

दत्ता वायरचं वेटोळं घेऊन स्टेजमागून आला. त्याने आधी तिला पाहिलं, मग चावी.

"आशू, घरी बोलू."

"इथेच बोल."

रितेशने मान खाली घातली. वहिनींनी दादांना चारचौघांत 'तू' म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दत्ताने वेटोळं खाली ठेवलं. आवाज खाली आणला. "पार्ट्या विचारायला लागल्या होत्या. दोन-तीन ठिकाणी तोंडावर बोलले. ताई चांगल्या वाजवतात, पण आता कोणीतरी उठून नाचणारं बघा. हातचे कार्यक्रम गेले असते. तुला कसं सांगणार होतो मी? तेवढ्यात ती गिटार बिघडली. म्हटलं, असंच थांबेल हे, आपोआप. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट वाटू नये म्हणून."

"मग काय."

"मग माझ्या वयाला नाव ठेवायचंस, दत्ता," ती म्हणाली. "माझ्या बोटांना ठेवायचंस. मी चार दिवस रडले असते आणि भाजी चिरायला बसले असते. वरदला का नाव ठेवलंस?"

 वरदचा त्याने विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की आश्लेषाला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. मेव्हणा त्याला वाटेत सापडला होता, एवढंच.

रितेशने वर पाहिलं. "वहिनी, घेऊन जा. मी माझी जुनी आणतो टेम्पोतून. मला खरंच माहीत नव्हतं."

"आज वाजव," ती चावी काढून गिटार त्याच्या हातात देत म्हणाली. "गौरीबाईंच्या मुलीची हळद आहे. संपली की पिशवीत घालून माझ्याकडे दे. ती कापडी पिशवी आहे ना अजून?"

"आहे."

ती जाऊन बायकांत बसली. कोणीतरी तिच्या गालाला हळद लावली, तिने लावून घेतली. दोन तास तिने ती गिटार समोरून ऐकली. तिने स्वतः कधी ऐकली नव्हती अशी, ऐकणाऱ्याच्या जागेवरून. मध्यंतरापर्यंत रितेशला खुंटीला हात लावायला लागला नाही. त्या भयंकर लाल रंगाखालीही ती सूर सोडत नव्हती. सोळा महिने ती अशीच वाजत होती, आणि तेवढेच महिने आश्लेषा भावाला मनातल्या मनात हिशेबी, हातचं राखणारा म्हणत होती.

संध्याकाळच्या बोटीआधी तिने चाचांना चावी परत केली.

"बसली?"

"बसली."

टेम्पो त्याच बोटीवर चढला. आश्लेषा गिटार घेऊन वर बाकावर जाऊन बसली. तिने मोबाइल काढला, बरंच काही लिहिलं, पुसलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं: 'वरद, चावी एक सुताची होती. गिटार खरी आहे. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता.' तिकडे सकाळ असणार. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने वाचलं होतं. बोट खाडीच्या मध्यावर आली तरी उत्तर आलं नव्हतं, आणि ते लगेच यावं असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला कळत होतं.

दत्ता चहाचे दोन कप घेऊन जिना चढून वर आला. वर दुसरं कोणीच नव्हतं. तो तिच्याजवळ उभा राहिला, बसू की नको अशा बेताने, आणि एक कप पुढे केला.

आश्लेषाने गिटार बाकावर आपल्या शेजारी आडवी ठेवली. जागा भरली.

"तिथे ठेवा, अहो," ती म्हणाली. "घेते मी."